दीर्घकालीन हिपॅटायटिस बी, फॅटी लिव्हर आणि उपचारांचा प्रतिसाद

हिपॅटायटिस बी विषाणूचा संसर्ग सहा महिन्यांहून जास्त टिकला की तो दीर्घकालीन मानतात. यकृताच्या ५ टक्के किंवा अधिक पेशींत चरबी साठली की त्याला फॅटी लिव्हर म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२२ मध्ये जगात २५.४ कोटी लोकांना दीर्घकालीन हिपॅटायटिस बी होता आणि त्यांतले सुमारे ३ कोटी भारतात होते. या रुग्णांपैकी साधारण तिसऱ्या हिश्शाला फॅटी लिव्हरही असते.

हिपॅटायटिस सीचा तिसरा जनुकप्रकार स्वतःच यकृतात चरबी साठवतो. बी विषाणूचे तसे नाही. इथे चरबीमागे मुख्यतः सुटलेले पोट, मधुमेह आणि रक्तातील वाढलेली ट्रायग्लिसराइड्स (एक प्रकारची चरबी) असतात. भारतीयांत हे वजन फारसे नसतानाही घडते. सडपातळ दिसणाऱ्या अंगातली ही लपलेली चरबी पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या संशोधनातून ठळकपणे पुढे आली. त्यामुळे ‘मी तर बारीक आहे’ म्हणून रुग्णाने निर्धास्त राहू नये.

फॅटी लिव्हर असलेल्या रुग्णांत विषाणूचे प्रमाण सरासरीने कमी आढळते आणि विषाणूच्या पृष्ठभागावरील प्रथिन म्हणजेच प्रतिजन (एचबीएसएजी) रक्तातून नाहीसे होण्याचे प्रमाणही थोडे अधिक दिसते. असे का होते, याचे सर्वमान्य स्पष्टीकरण अजून मिळालेले नाही. मात्र यावरून चरबी हितकारक ठरत नाही. मधुमेहासारखे चयापचयाचे दोष सोबत असले की सिरॉसिस (यकृत व्रणांनी कडक होणे) आणि यकृताच्या कर्करोगाचा धोका वाढतो.

उपचारांना मिळालेला प्रतिसाद तीन बाजूंनी मोजतात: रक्तातील विषाणूचा डीएनए सापडेनासा होणे, एसजीपीटी (यकृताच्या पेशींना इजा झाली की रक्तात वाढणारे एन्झाइम) सामान्य पातळीवर येणे आणि प्रतिजन नाहीसे होणे. एंटेकाव्हिर (अमेरिकेत मंजुरी २००५) आणि टेनोफोव्हिर (हिपॅटायटिस बीसाठी २००८) या गोळ्या विषाणूच्या नव्या प्रती बनणे थांबवतात. पेशीकेंद्रात दडलेला त्याचा वर्तुळाकार डीएनए मात्र तसाच राहतो, म्हणून गोळी वर्षानुवर्षे घ्यावी लागते. चरबीमुळे औषधाचा गुण कमी येतो, असे काही अभ्यासांत दिसले. इतर बऱ्याच अभ्यासांत विषाणू दबण्यात लक्षणीय फरक आढळला नाही. फरक मुख्यतः पडतो तो एसजीपीटीत.

दोन वर्षे नियमित गोळी घेतलेल्या रुग्णाचा अहवाल असा असू शकतो: व्हायरल लोड (रक्तातील विषाणूचे प्रमाण) ‘आढळला नाही’, एसजीपीटी ६५ म्हणजे वाढलेलेच, सोनोग्राफीत ‘ग्रेड २ फॅटी लिव्हर’. औषध निकामी ठरले, असा अर्थ रुग्ण काढतो आणि कधी गोळीच बंद करतो. ही चूक जिवावर बेतू शकते, कारण गोळी अचानक सोडल्यावर विषाणू उसळून यकृत निकामी झाल्याची उदाहरणे आहेत. वास्तविक औषधाने आपले काम केलेले असते; उरलेला दाह बहुधा चरबीचा असतो. अर्थात त्याआधी दारू, इतर औषधे आणि काढे यांची चौकशी व्हायलाच हवी. व्हायरल लोडही वाढलेला असेल, तर प्रथम चुकलेल्या गोळ्यांविषयी विचारावे. शंका उरलीच तर बायॉप्सीत खुणा वेगळ्या दिसतात: चरबीचा दाह आणि फुगलेल्या पेशी मध्यशिरेभोवती, तर विषाणूचा दाह द्वारशिरेच्या बाजूला.

फायब्रोस्कॅन हे पोटावरून यकृत तपासणारे यंत्र एकाच तपासणीत यकृताचा ताठरपणा आणि चरबीचा अंदाज देतो. मात्र दाह जोरात असताना ताठरपणा फुगवून दिसू शकतो. औषध निवडतानाही तारतम्य लागते. टेनोफोव्हिरचे दोन प्रकार आहेत, डायसोप्रॉक्सिल आणि अलाफेनामाइड. डायसोप्रॉक्सिलने कोलेस्टेरॉल थोडे उतरते, तर त्यावरून अलाफेनामाइडवर आलेल्या काहींचे कोलेस्टेरॉल आणि वजन वाढते. तरीही मूत्रपिंड आणि हाडांसाठी अलाफेनामाइड अधिक सुरक्षित असल्याने केवळ कोलेस्टेरॉल पाहून निवड करणे योग्य नाही.

चरबीसाठी वेगळे उपचार करावेच लागतात. जादा वजन असलेल्यांनी ते ७ ते १० टक्क्यांनी उतरवले तर चरबीबरोबर दाहही कमी होतो. मधुमेह आटोक्यात हवा आणि दारू पूर्ण बंद. गरज असल्यास स्टॅटिन (कोलेस्टेरॉल उतरवणारे औषध) देता येते. यकृताच्या भीतीने ते टाळण्याचे सहसा कारण नसते.

भारतात २०१८ पासून राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमात तपासणी आणि औषधे मोफत मिळतात. फॅटी लिव्हरचा समावेश २०२१ मध्ये असंसर्गजन्य आजारांच्या कार्यक्रमात झाला. रुग्ण एकच असताना त्याला दोन दारे ठोठवावी लागू नयेत, यासाठी हिपॅटायटिसच्या ओपीडीतच वजन, कमरेचा घेर आणि साखर मोजायला हवी.

कर्करोगाचा धोका असलेल्यांना दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी सांगतात. चरबीने भरलेल्या यकृतात लहान गाठ सोनोग्राफीत नीट दिसत नाही. अशा वेळी सीटी स्कॅन किंवा एमआरआयचा विचार करावा लागतो.