औद्योगिक संगणक (कोल्हापूर परिसरातील वापर व देखभाल)

धूळ, उष्णता, हादरे आणि लहरी वीज सोसत यंत्राशेजारीच वर्षानुवर्षे चालावा म्हणून बांधलेला संगणक. प्रोसेसर आणि मेमरी घरच्या संगणकासारखीच, वेगळेपण बांधणीत. पंखा बहुधा नसतो. ॲल्युमिनियमच्या जाड पेटीला बाहेरून पात्या असतात आणि आतली उष्णता त्यांतून बाहेर पडते. फिरत्या तबकडीऐवजी एसएसडी, २४ व्होल्ट डीसी पुरवठा, स्क्रूने आवळायचे कनेक्टर असा सरंजाम. घरगुती संगणकांवरून केव्हाच गेलेले आरएस-२३२ आणि आरएस-४८५ हे यंत्रे जोडायचे जुने सिरियल पोर्ट इथे अजून नांदतात.

कोल्हापूर परिसरात तो शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल-हातकणंगले या औद्योगिक वसाहतींतल्या फौंड्र्या (धातू ओतून सुटे भाग घडवणारे कारखाने) व मशीन शॉपमध्ये, तसेच साखर कारखान्यांच्या वजनकाट्यावर दिसतो. दोन्हीकडची दुखणी निराळी.

फौंड्रीत मुख्य वैरी धूळ. साच्याच्या (मोल्डिंगच्या) वाळूत बेंटोनाइट ही चिकट माती आणि कोळशाची पूड मिसळलेली असते. तिचा काळा थर पात्यांत बसला की डबा हात लावू देत नाही इतका तापतो. हाच थर आत बोर्डावर गेला आणि पावसाळ्यात ओल धरली, की नको तिथे वीज झिरपू लागते. एप्रिलमध्ये ठणठणीत असलेला संगणक जुलैत मधूनच रीस्टार्ट होतो तो यामुळेही. साफसफाईला कंप्रेसरची नळी मारणे ही सार्वत्रिक आणि वाईट सवय. त्या हवेत पाणी आणि तेल असते, शिवाय धूळ फटींतून आणखी आत ढकलली जाते. मऊ ब्रश आणि व्हॅक्यूम हेच बरे.

‘आयपी-६५’ या धूळ-पाण्यापासूनच्या बचावाच्या शिक्क्यावरही डोळे मिटून विसंबू नये. त्यातला ६ म्हणजे धूळ पूर्ण बंद, ५ म्हणजे पाण्याच्या झोतापासून संरक्षण. पण पॅनलवर बसणाऱ्या टच स्क्रीनच्या संगणकात हा दर्जा बहुतेकदा फक्त समोरच्या बाजूचा असतो, आणि तोही कडेचे रबर नीट बसले असेल तरच. मागची बाजू उघडीच समजावी.

बसवताना पात्या उभ्या ठेवाव्यात, म्हणजे गरम हवा वर निघून जाते. मोटरचा वेग सांभाळणाऱ्या ड्राइव्हच्या किंवा ट्रान्सफॉर्मरच्या डोक्यावर डबा लावू नये. सोलेनॉइड आणि कॉन्टॅक्टर (विजेने हलणारे झडपांचे व स्विचचे भाग) ज्या एसएमपीएसवर (२४ व्होल्ट डीसी पुरवणाऱ्या पेटीवर) आहेत, त्यावर संगणक टांगणे म्हणजे दुखणे विकत घेणे. त्याला वेगळा एसएमपीएस द्यावा. बायोसमध्ये (संगणकाच्या मूळ सेटिंगमध्ये) वीज परत येताच आपोआप चालू होण्याची सोय असते, ती सुरू करावी, नाहीतर लाईट गेल्यावर रात्रपाळीचा माणूस बटण शोधत बसतो. सगळे सुरळीत चालले की त्याच दिवशी डिस्कची पूर्ण प्रत घ्यावी आणि नेटवर्कचा पत्ता व पोर्टची सेटिंग कागदावर लिहून पॅनलच्या दारात चिकटवावी.

बिघाड शोधताना डबा शेवटी उघडायचा. आधी मल्टीमीटर घ्यायचा आणि व्होल्टेज एसएमपीएसपाशी नव्हे, संगणकाच्या टर्मिनलवर, यंत्र चालू असताना मोजायचे. तिकडे २४ आणि इकडे २० दिसले तर दोष वायरीत किंवा सैल स्क्रूत. मग अर्थिंग, मग केबल. आरएस-४८५च्या दोन्ही टोकांना १२० ओहमचा रेझिस्टर आहे का, तेही पाहायचे. काट्यावर वजनाऐवजी अगम्य चिन्हे उमटली तर बहुधा इंडिकेटर (काट्याचे वजन दाखवणारे यंत्र) आणि संगणक यांचा बॉड रेट (माहिती पाठवण्याचा वेग) किंवा पॅरिटी (चूक ओळखण्याची खूण) जुळत नसते. आकडाच आला नाही तर आधी केबल हलवून पाहावी. आरएस-२३२ची केबल साधारण १५ मीटरपलीकडे भरवशाची नसते.

काट्यावरचे खास दुखणे हंगामाच्या तोंडावर उपटते. गाळप संपले की संगणक मेनपासून सोडवून महिनोन्‌महिने पडून राहतो. या काळात घड्याळ आणि बायोसची सेटिंग नाण्याएवढ्या ३ व्होल्टच्या सीआर-२०३२ सेलवरच जगतात. सेल आधीच जुना असेल तर तो याच काळात संपतो. मग उसाच्या गाड्या रांगेत आणि पावतीवर कुठल्या तरी जुन्याच वर्षाची तारीख, किंवा संगणक सुरूच होत नाही. काही रुपयांचा सेल दर दोन-तीन हंगामांनी आधीच बदलला तर ही धावपळ टळते.

२०१९ आणि २०२१च्या महापुरांत शिरोलीजवळ पुणे-बेंगळुरू महामार्ग पाण्याखाली गेला होता. अशा वेळी पुण्याहून दुरुस्तीचा माणूस येणार कसा? तयार प्रत घातलेली एक जादा एसएसडी कपाटाच्या वरच्या कप्प्यात हवीच. पाण्यात बुडालेला संगणक ‘चालतोय का बघू’ म्हणून सुरू करू नये. पुरवठा तोडून सेल काढावा, बोर्डावरचा गाळ स्वच्छ पाण्याने आणि मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुवावा, आणि काही दिवस पूर्ण सुकू द्यावा. गाळ कनेक्टरच्या पोटात वाळला असेल तर कनेक्टर बदलावा. घासून तो नीट होत नाही.