पट्टी चिकटते ती निवताना

विदर्भातल्या शाळा उरलेल्या महाराष्ट्राच्या मागून, जूनच्या अखेरीस उघडतात. त्या आठवड्यात शिंप्याकडे गणवेशांचा ढीग लागलेला असतो आणि वाढत्या अंगाची म्हणून घेतलेली पँट पोराच्या टाचेखाली लोळत असते. अशा वेळी दुमडलेली कड इस्त्रीने चिकटवणारी हेमिंग टेप घरच्या घरी काम भागवते.

ही टेप म्हणजे बहुधा नायलॉनच्या जातीच्या प्लास्टिकची विरळ जाळी. शर्टाच्या कॉलरीत घालतात ते फ्युजिंगही असंच उष्णतेने चिकटतं. साधारण 100 ते 130 अंश सेल्सिअसला ती वितळते, दुमडीच्या दोन्ही पदरांच्या धाग्यांत शिरते आणि निवली की तिथेच घट्ट होते. गरम असतानाच ओढून पाहिलं तर ती सुटणारच. पाच-दहा मिनिटं हात न लावणं हा कामाचाच भाग आहे.

कापड आधी धुऊन, स्टार्च न लावता वाळवावं. कोऱ्या कापडावरची खळ धाग्याला झाकून टाकते, प्लास्टिक आत शिरत नाही. शिवाय सुती कापड पहिल्या धुण्यात आटतं, टेप आटत नाही, आणि काठाला चुण्या पडतात.

लहान मुलाच्या दोन्ही पायांना मिळून मीटरभर टेप पुरते. टेप 2 सेंमी रुंद असेल तर दुमड 3.5 ते 4 सेंमी ठेवा. टेप दुमडीच्या दोन पदरांमध्ये, कापडाच्या कडेपासून 2-3 मिमी आत बसवा, नाहीतर वितळलेलं प्लास्टिक बाहेर येऊन इस्त्रीच्या तळाला लागतं. तिला ताणू नका. जोडावर 1 सेंमी एकावर एक येऊ द्या.

टेरिकॉटला, म्हणजे पॉलिस्टर-सुती मिश्र कापडाला, इस्त्रीवरची दोन ठिपक्यांची खूण, म्हणजे जास्तीत जास्त 150 अंश. त्यावर गेलात तर पॉलिस्टरला चकाकी येते आणि ती जात नाही. दुमडीवर ओलं करून पिळलेलं सुती फडकं ठेवा. इस्त्री फिरवू नका, नाहीतर टेप सरकते. ठेवा, दाबा, 10 ते 15 सेकंदांनी उचला, पुढच्या जागी ठेवा. फडक्यात पाणी आहे तोवर खालचं तापमान 100 अंशांच्या फार वर चढत नाही. वाफेचा चर्र आवाज थांबून फडकं कोरडं झालं की खरं वितळणं सुरू होतं. जाड जीन्सला हेच आतून-बाहेरून दोन्हीकडून करावं लागतं.

गावात संध्याकाळी व्होल्टेज पडतं, तेव्हा हे काम टाळावं. व्होल्टेज घटलं की वॅट त्याच्या वर्गाच्या प्रमाणात घटतात: 230 व्होल्टवर 1000 वॅटची इस्त्री 180 व्होल्टवर जेमतेम 610 वॅट देते. ओल्या फडक्याने थंडावलेला तळ मग लवकर तापत नाही. सकाळी करा, किंवा प्रत्येक जागी वेळ वाढवा.

निवल्यावर एक कोपरा नखाने उचलून बघा. टेप चकचकीत फितीसारखी सलग निघाली तर ती वितळलीच नव्हती, पुन्हा दाबा. कापडाचे बारीक तंतू तिच्यासोबत ओढले जात असतील तर पकड बसली. एक दिवस धुऊ नका. दोरीवरचं 46 अंशांचं ऊन तिला काही करत नाही, उकळत्या पाण्यातला सोडा मात्र करतो.

पुढच्या वर्षी दुमड सोडायची असेल तर ओलं फडकं ठेवून पुन्हा गरम करा आणि गरम असतानाच सोलून काढा. थोडा डाग मात्र राहतो. म्हणून दरवर्षी उसवायच्या गणवेशाला हातशिलाईच बरी.