प्रभावळीतली चोवीस मिलिमीटरची फट

कोल्हापुरात शिवाजी पेठेतल्या आमच्या तालमीच्या गणपतीमागे यंदा घड्यांची प्रभावळ ठरली. जाड पुठ्ठ्याचे 24 तुकडे, सगळे जोडले की अर्धवर्तुळ. म्हणजे एकेका तुकड्याच्या वाट्याला साडेसात अंश. विसर्जनानंतर प्रत्येक तुकडा सपाट मिटून कपाटात गेला पाहिजे, ही अट.

तुकड्यांचे नकाशे आम्ही संगणकावर केले. राइनो या आरेखनाच्या सॉफ्टवेअरमधल्या ग्रासहॉपरमध्ये आकार काढत बसायचं नसतं, मापांची नाती जोडायची असतात. मूर्तीच्या उंचीवरून त्रिज्या, त्रिज्येवरून तुकड्याची रुंदी, रुंदीवरून घडीची रेष. मूर्ती फूटभर जास्त उंच होणार असं कुंभारवाड्यातून कळलं, तेव्हा आम्ही एकच आकडा बदलला आणि चोवीसही तुकड्यांचे नकाशे नव्याने समोर आले. मला हे अजूनही विलक्षण वाटतं.

पण मनाला येईल तिथे रेष मारून कागद सपाट मिटत नाही. घड्या जिथे मिळतात त्या एका बिंदूभोवतीचे कोन एकाआड एक घेतले तर त्यांची बेरीज 180 अंशच यावी लागते. हा ओरिगामीच्या, म्हणजे कागदाच्या घड्यांच्या, गणितातला कावासाकींचा नियम. माएकावांचा नियम सांगतो की त्या बिंदूवरच्या डोंगरघड्या (रेष वर उचलणाऱ्या) आणि दरीघड्या (रेष खाली दाबणाऱ्या) यांच्या संख्येत दोनचाच फरक असतो; चार घड्या असतील तर तीन एका बाजूच्या, एक उलटी. जपानी संशोधक कोर्यो मिउरा यांची प्रसिद्ध घडी हे दोन्ही नियम पाळते. 1995 साली ती एका जपानी उपग्रहाच्या सौरपंखावर, म्हणजे उन्हावर वीज करणाऱ्या पटलावर, बसून अवकाशातही गेली.

आमचे कोन बिनचूक होते. तरी पहिली जोडणी केली तेव्हा शेवटी चोवीस मिलिमीटरची फट उरली.

उद्यमनगरात पत्रा वाकवणाऱ्या एका मिस्त्रींना तुकडा दाखवला. ते म्हणाले, "जाडी धरली न्हाईस व्हय?"

कागदाचं गणित जाडी शून्य मानतं. पुठ्ठा किंवा पत्रा वाकला की बाहेरची बाजू ताणली जाते, आतली दबते, आणि मधल्या एका थराचीच लांबी कायम राहते. मिस्त्री सपाट माप काढतात ते त्या थरावरून. आमचा प्रत्येक तुकडा घडीच्या गोलाईत एक मिलिमीटर गमावत होता, आणि चोवीस वेळा तेच घडलं होतं.

मग जाडीचा आकडाही नात्यांच्या साखळीत घातला. भाद्रपदात पुठ्ठा ओल धरून फुगतो, म्हणून कापायच्या दिवशी सकाळीच व्हर्नियरने जाडी मोजायची आणि तेच माप भरायचं.