स्प्रिंगमधल्या चकत्या

दिवाळीत गावी जाताना आमची गाडी प्रत्येक स्पीडब्रेकरला पोट घासत होती. आत पाच माणसं, डिकीत फराळाचे डबे आणि तांदळाचं पोतं. परत आल्यावर गॅरेजवाला म्हणाला, "बफर टाकून घ्या साहेब, मागून उचलली जाईल." मागच्या दोन्ही स्प्रिंगांच्या वेढ्यांत त्याने जाड रबरी चकत्या दाबून बसवल्या. घासणं थांबलं. पण सोमवारी एकटा ऑफिसला निघालो, तर रस्त्यावरचं प्रत्येक झाकण पाठीला कळायला लागलं.

स्प्रिंग म्हणजे गुंडाळलेली पोलादी सळई. भार आला की सळई पिळली जाते आणि तो पीळ सगळ्या मोकळ्या वेढ्यांत वाटला जातो. वाटेकरी कमी झाले की स्प्रिंग कडक. पाच मोकळ्या वेढ्यांपैकी एक पुरता जाम केला, तर उरलेल्या चारांची स्प्रिंग २५ टक्के जास्त कडक होते. रबर थोडं दबतं, म्हणून प्रत्यक्षात फरक जरा कमी. पण पाठीला तेवढाही पुरतो.

साधारण मोटार स्प्रिंगवर सेकंदाला एक ते दीड वेळा वरखाली होते, आणि त्यामागे आपल्या शरीराचा विचार आहे. बसलेल्या माणसाला सेकंदाला ४ ते ८ वेळा होणारी उभी थरथर सर्वांत जास्त सोसत नाही. कणा आणि पोटातले अवयव तिच्याबरोबर हलायला लागतात. स्प्रिंग मऊ असली की ही थरथर बरीचशी खालीच जिरते. पण ती वाटेल तितकी मऊही चालत नाही. सेकंदाला अर्ध्या हेलकाव्याहून संथ डोलणं म्हणजे होडीतली मळमळ.

या हिशोबात वजनही येतं. एसटीच्या शेवटच्या बाकावर रिकाम्या गाडीत डोकं टपाला लागायची वेळ येते आणि गाडी भरली की तोच बाक सुसह्य होतो, कारण त्या कमानपाट्या भरलेल्या गाडीसाठी बेतलेल्या असतात. मी दिवाळीच्या दोन दिवसांसाठी वर्षभराची स्प्रिंग कडक करून बसलो होतो.

तसं मागचं अंग पुढच्यापेक्षा थोडं कडक असावंच लागतं. १९३०च्या दशकात अमेरिकेत कॅडिलॅकच्या गाड्यांवर काम करताना मॉरिस ऑली या अभियंत्याने हे दाखवून दिलं. ताशी ६० किलोमीटर वेगात पुढची चाकं उंचवट्यावर चढल्यावर मागची सुमारे ०.१५ सेकंदाने चढतात. मागचा झोका जरा जलद असेल तर तो पुढच्याला गाठतो आणि गाडी नाक खालीवर करत बसत नाही. कारखान्याने साधलेलं हे गणित माझ्या चकत्यांनी मोडलं.

राहिला शॉकअप. याला शॉक अॅब्सॉर्बर म्हणतात ते खरं तर चुकीचं. धक्का झेलते स्प्रिंग. शॉकअप बारीक छिद्रांतून तेल ढकलत त्या झोक्याची उष्णता करून टाकतो. तो जुन्या स्प्रिंगच्या मापाचा होता, त्यामुळे कडक झालेली स्प्रिंग त्याला आवरेना. शिवाय एकाच्या अंगावर तेलाचा ओघळ होता. गाडीचा कोपरा जोरात दाबून सोडला, तर ती वर येऊन जवळपास तिथेच थांबायला हवी. माझी तीन-चारदा डुलली.

चकत्या काढल्या, मागचे दोन्ही शॉकअप जोडीने बदलले. मग हवा बघितली. टायर हीसुद्धा एक स्प्रिंगच, आणि सगळ्यांत स्वस्तात जुळवता येणारी. चालकाच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर ३२ पीएसआय लिहिलं होतं. चाकांत ४० निघाली. पंपावर "टाका चाळीस, अॅव्हरेज मिळेल" असं म्हणणारा मीच होतो.

आता हवा सकाळी, टायर थंड असताना भरतो. स्टिकरवर भरलेल्या गाडीसाठी मागच्या चाकांचा वेगळा आकडा आहे, तो गावी जायच्या दिवशी. तांदळाचं पोतं मात्र यंदा मागच्या सीटच्या पायाशी ठेवलं, चाकांच्या पुढे.