देवाच्या सामर्थ्यावर विसंबणे (ख्रिस्ती श्रद्धा)

आजारपण, बेकारी, व्यसन, मोह, छळ किंवा जवळच्या माणसाचा मृत्यू अशा प्रसंगांत माणसाने आपल्या बळाची मर्यादा मान्य करावी आणि देव पुरवील त्या शक्तीने उभे राहावे, ही ख्रिस्ती श्रद्धेतील एक मध्यवर्ती शिकवण आहे. मराठी ख्रिस्ती कुटुंबांत ती ‘प्रभूवर भार टाकला आहे’, ‘प्रभूच चालवतो’ अशा रोजच्या बोलण्यातून ऐकू येते. हातपाय न हलवता बसून राहण्याची मुभा ती देत नाही आणि यशाची हमीही देत नाही. लोकप्रिय प्रवचनांत मात्र या दोन्ही समजुतींना बरेच खतपाणी मिळते.

बायबलच्या पूर्वार्धात, म्हणजे जुन्या करारात, या कल्पनेचा उगम प्रत्यक्ष रणांगणावर दिसतो. तांबड्या समुद्रापाशी पाठलागावर असलेले मिसरी सैन्य पाहून घाबरलेल्या लोकांना मोशे सांगतो की, परमेश्वर तुमच्यासाठी लढेल. शास्ते या पुस्तकात गिदोनाचे ३२,००० लोकांचे सैन्य कमी करत ३०० वर आणले जाते आणि त्याचे कारणही स्पष्ट दिलेले आहे: आपल्याच हाताने आपण सुटलो, अशी बढाई इस्राएलाने मारू नये. यहूदाचा राजा यहोशाफाट चालून आलेल्या शत्रूपुढे आपल्याला काय करावे हे कळत नसल्याची कबुली भर सभेत देतो आणि सैन्याच्या पुढे गायक पाठवतो. गल्याथ या धिप्पाड योद्ध्याशी लढायला निघालेला दावीद राजा शौलाचे चिलखत नाकारतो, पण ओढ्यातून पाच गुळगुळीत गोटे निवडून घेतो आणि मेंढपाळ म्हणून हाती बसलेली गोफण वापरतो. विश्वास आणि कसब यांत येथे विरोध मानलेला नाही, ही बाब गल्याथाची गोष्ट सांगताना सहसा निसटते. यशयाच्या ग्रंथात हीच शिकवण राजकीय इशारा बनते, कारण मिसर देशाच्या घोड्यांवर आणि रथांवर भिस्त ठेवणाऱ्यांचा तेथे कडक निषेध आहे.

नव्या करारात, म्हणजे बायबलच्या येशू व त्याच्या शिष्यांविषयीच्या उत्तरार्धात, युद्धाचे क्षेत्र बदलते. इफिसकरांस लिहिलेल्या पत्राच्या सहाव्या अध्यायात सत्याचा कमरबंद, नीतिमत्त्वाचे उरस्त्राण, विश्वासाची ढाल, तारणाचे शिरस्त्राण आणि आत्म्याची तलवार अशी ‘देवाची शस्त्रसामग्री’ वर्णिली आहे. हा झगडा रक्तमांसाच्या माणसांशी नाही, असे तेथे आधीच बजावलेले आहे आणि त्या उताऱ्यात पुन्हापुन्हा येणारी आज्ञा चाल करून जाण्याची नसून टिकून राहण्याची आहे. पत्र लिहिणारा स्वतः बेड्यांत असल्याचे सांगतो, हेही लक्षात घेण्यासारखे आहे.

या विषयावरील सर्वांत महत्त्वाचा उतारा मात्र करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या बाराव्या अध्यायात आहे. ते लिहिणाऱ्या प्रेषित पौलाच्या, म्हणजे ख्रिस्ती धर्माच्या आरंभीच्या प्रमुख प्रचारकाच्या, देहात एक ‘काटा’ होता. तो आजार होता, विरोधक होते की आणखी काही, यावर अभ्यासकांत आजही मतभेद आहेत. तो निघून जावा म्हणून पौलाने तीनदा विनंती केली आणि ती मान्य झाली नाही. देवाची कृपा पुरेशी आहे व अशक्तपणातच त्याची शक्ती पूर्णतेस येते, एवढेच उत्तर मिळाले. सामर्थ्य म्हणजे संकटाचे निवारण, असे समीकरण मांडणाऱ्यांना हा अध्याय अडचणीचा ठरतो. फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्रातील ‘मला सामर्थ्य देणाऱ्याच्या द्वारे मी सर्व काही करू शकतो’ या आशयाचे वचन परीक्षेच्या आणि मुलाखतीच्या दिवसांत हमखास आठवले जाते. पण त्याच्या आधीच्या वचनात तृप्तीचा आणि उपासमारीचा, विपुलतेचा आणि टंचाईचा उल्लेख आहे. कोणत्याही अवस्थेत राहता येते, असे बंदिवासातून लिहिणारा पौल तेथे सांगत आहे. क्रूसावर जाण्याच्या आदल्या रात्री गेथशेमाने बागेत येशूने केलेल्या प्रार्थनेचा रोखही असाच आहे, कारण दुःखाचा प्याला त्याच्यापुढून टळला नाही.

धर्मशास्त्रीय वाद पाचव्या शतकात पेटला. माणूस स्वतःच्या इच्छाशक्तीने चांगले जगू शकतो, अशी पेलाजियस या ख्रिस्ती उपदेशकाची भूमिका होती, तर देवाच्या कृपेवाचून ते शक्य नाही, असे बिशप ऑगस्टीन मानत असे. कार्थेज येथील ४१८ च्या धर्मसभेने पेलाजियसचे मत फेटाळले. कॅथलिक परंपरेत धैर्य हे पवित्र आत्म्याच्या सात दानांपैकी एक गणले जाते व दृढीकरण (बाप्तिस्म्यानंतर श्रद्धा बळकट करणारा विधी) या संस्काराशी जोडले जाते. संतांच्या मध्यस्थीलाही, म्हणजे त्यांनी आपल्यासाठी देवाकडे विनंती करावी या प्रार्थनेलाही, तेथे स्थान आहे. प्रॉटेस्टंट पंथ ही मध्यस्थी मानत नाहीत.

मुंबईत हा भेद उपासनेच्या रीतींतही दिसतो. सप्टेंबर १८९६ मध्ये शहरात प्लेग पसरला, तेव्हा वांद्रे, गिरगाव आणि इतर वस्त्यांतील ख्रिस्ती लोकांनी रक्षणासाठी वाटेवर, पाणंदीपाशी क्रूस उभारले. त्यांतील अनेक क्रूस आजही गावठाणांत आहेत आणि मराठीची बोली बोलणारा, ईस्ट इंडियन म्हणून ओळखला जाणारा मुंबई परिसरातील मूळचा कॅथलिक समाज त्यांच्यापुढे जमून प्रार्थना करतो. माहीमच्या सेंट मायकेल चर्चमध्ये १९४८ पासून दर बुधवारी नित्य साहाय्य मातेची, म्हणजे येशूची आई मरिया हिची, नोव्हेना (ठरावीक क्रमाने केली जाणारी विनवणीची प्रार्थना) होते. तिला अन्य धर्मांचे लोकही मोठ्या संख्येने येतात. आजार, नोकरी, घर आणि विवाह यांविषयीच्या विनवण्या तेथे पत्रांतून मांडल्या जातात. चर्च ज्याच्या नावाचे आहे तो मिखाएल बायबलच्या अखेरच्या पुस्तकात अजगराशी लढणारा देवदूत आहे, पण बुधवारच्या गर्दीचे लक्ष त्याच्यापेक्षा मातेकडे असते.

प्रॉटेस्टंट मराठी मंडळ्यांची परंपरा १८१३ मध्ये मुंबईत आलेल्या अमेरिकन मिशनऱ्यांपर्यंत मागे जाते. घरोघरच्या प्रार्थनासभा, उपास-प्रार्थना आणि साक्ष देणे (देवाने आपल्यासाठी काय केले ते सभेत सांगणे) हे त्यांचे परिचित प्रकार होत. लढाईची भाषा सर्वांत शब्दशः घेतली ती मुक्तिफौजेने, म्हणजे सैन्याच्या धर्तीवर चालणाऱ्या साल्व्हेशन आर्मी या ख्रिस्ती संघटनेने. सप्टेंबर १८८२ मध्ये फ्रेडरिक टकर व त्यांचे सहकारी मुंबई बंदरात उतरले. गणवेश, निशाण आणि वाद्ये घेऊन त्यांनी काढलेल्या मिरवणुकांमुळे त्यांना अटकही झाली. याउलट मराठी कवी नारायण वामन टिळक यांनी, ज्यांचा बाप्तिस्मा १८९५ मध्ये मुंबईत झाला, ख्रिस्तभक्तीसाठी अभंगाची वाट धरली. आपण तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असे ते म्हणत. अंतर्बाह्य जगाशी आणि मनाशी रात्रंदिवस चाललेले युद्ध मराठी वाचकाला तुकारामांमुळे आधीच ओळखीचे असल्याने पौलाची रणभाषा त्याला परकी वाटण्याचे कारण उरले नाही.

साक्ष देण्याच्या प्रथेत एक उणीव मात्र आहे. ज्याचा आजार बरा झाला किंवा नोकरी लागली तो उभा राहून बोलतो; ज्याचे काहीच बदलले नाही त्याला सांगण्यासारखे काही आहे, असे सहसा मानले जात नाही. परिणामी विश्वास कमी पडला म्हणून संकट टळले नाही, असा दोष पीडितावरच येतो. आरोग्य आणि समृद्धी ही विश्वासाची फळे म्हणून सांगणाऱ्या प्रवचनांवर पारंपरिक पंथांचा आक्षेप नेमका हाच आहे. स्तोत्रसंहितेतील ८८ वे स्तोत्र कोणताही दिलासा न येता अंधारावर संपते आणि तरीही ते उपासनेच्या ग्रंथात समाविष्ट आहे, याकडे हे टीकाकार लक्ष वेधतात.

वैद्यकीय उपचारांबाबत मुख्य पंथांची भूमिका नि:संदिग्ध आहे आणि मिशनांनी चालवलेली रुग्णालये हा तिचा पुरावा आहे. कॅथलिक बायबलमधील बेन सिराचे पुस्तक वैद्याचा मान राखण्यास सांगते. पौलाच्या नावावरील पत्रात त्याचा सहकारी तीमथ्य याला पोटाच्या व वारंवार होणाऱ्या दुखण्यांसाठी थोडा द्राक्षारस घेण्याचा सल्ला आहे. चमत्काराची वाट पाहण्याविषयी तेथे अवाक्षर नाही.