फोन म्हणतो ‘मी इथे आहे’, पण नेटवर्कने ते खरं का मानावं?

जमिनीवरच्या मोबाइल नेटवर्कला फोनचा ठावठिकाणा विचारत बसावं लागत नाही. टॉवर जागचा हलत नाही आणि त्याची हद्द काही किलोमीटरची असते. फोन त्या टॉवरला जोडला गेला, म्हणजे तो त्याच परिसरात आहे. जीएसएम या जुन्या २जी मोबाइल तंत्रात तर याहून बारीक हिशेब होता. फोनचा सिग्नल किती उशिरा पोहोचतो हे टॉवर मोजायचा आणि तेवढा वेळ आधी पाठवायला फोनला सांगायचा. याला ‘टायमिंग ॲडव्हान्स’ म्हणतात. ० ते ६३ अशा पायऱ्या, एक पायरी साधारण ५५० मीटरची, म्हणून टॉवरचा नेहमीचा पल्ला ३५ किलोमीटरला संपायचा. सोय होती सिग्नल एकमेकांवर आदळू नयेत म्हणून, पण तिच्यातून अंतरही कळायचं. आणि ते कळायचं टॉवरच्या स्वतःच्या मोजणीतून, फोनच्या शब्दावरून नव्हे.

टॉवर आकाशात गेला की हे सगळं मोडतं. ६०० किलोमीटर उंचीवरचा उपग्रह सेकंदाला साडेसात किलोमीटर पळत असतो. त्याच्या एका बीमचा, म्हणजे रेडिओ झोताचा, जमिनीवरचा ठसा दहा-वीस किलोमीटरपासून शेकडो किलोमीटरपर्यंत पसरू शकतो. एकाच सेलमध्ये, म्हणजे एका झोताच्या हद्दीत, दोन-तीन देश सहज बसतात. ‘फोन या सेलमध्ये आहे’ या वाक्याला मग फारसा अर्थ उरत नाही.

गंमत अशी की उपग्रह आणि जमिनीवरचं ठिकाण यांचं नातं मोबाइलपेक्षा बरंच जुनं आहे. १९५७मध्ये स्पुटनिक वर गेला तेव्हा अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या अप्लाइड फिजिक्स प्रयोगशाळेत विल्यम गायर आणि जॉर्ज वायफेनबाख यांनी त्याच्या सिग्नलची बदलती वारंवारता नोंदवली आणि त्या डॉप्लर बदलावरून (स्रोत जवळ येताना वा दूर जाताना वारंवारतेत पडणाऱ्या फरकावरून) उपग्रहाची कक्षा काढली. त्यांचे वरिष्ठ फ्रँक मॅक्क्लुअर यांनी प्रश्न उलटा केला: कक्षा माहीत असेल, तर जमिनीवरच्या ऐकणाऱ्याचं ठिकाण निघेल का? त्यातून ‘ट्रान्झिट’ ही नौकानयन यंत्रणा उभी राहिली आणि १९६४मध्ये ती अमेरिकी नौदलाच्या वापरात आली.

आजच्या प्रश्नाचं खरं पूर्वरूप मात्र मला कॉस्पास-सारसॅटमध्ये दिसतं. शीतयुद्ध ऐन भरात असताना अमेरिका, सोव्हिएत संघ, कॅनडा आणि फ्रान्स यांनी १९७९मध्ये मिळून ही शोध-बचाव यंत्रणा ठरवली. पहिला उपग्रह १९८२मध्ये गेला आणि त्याच वर्षी सप्टेंबरात कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियात कोसळलेल्या छोट्या विमानातले तिघे वाचले. संकटात सापडलेल्यांचा बीकन, म्हणजे संकेत पाठवणारं छोटं यंत्र, आपलं ठिकाण सांगत नव्हता, तो नुसता हाक मारत होता. उपग्रहाला मिळालेल्या हाकेच्या डॉप्लर बदलावरून जमिनीवरचं केंद्र ठिकाण काढायचं. ४०६ मेगाहर्ट्झच्या बीकनसाठी चूक ५ किलोमीटरच्या आसपास असायची. एक अडचण होती: उत्तरं दोन यायची. उपग्रहाच्या जमिनीवरच्या वाटेच्या डाव्या बाजूला एक, उजव्या बाजूला दुसरं, आरशातल्या प्रतिबिंबासारखं. खरं कोणतं हे पृथ्वीच्या फिरण्यामुळे पडणाऱ्या किंचित फरकावरून किंवा पुढच्या फेरीवरून ठरायचं. हे प्रतिबिंब लक्षात ठेवा, ते पुन्हा येणार आहे.

उपग्रह फोन हातात आले तेव्हा प्रश्न कायद्याचा झाला. परवाना नसलेल्या देशात ट्रान्समीटर चालवायचा नाही हा आंतरराष्ट्रीय रेडिओ नियमांचा जुना पाया आहे. आकाशातून साऱ्या जगाला सेवा देणाऱ्या कंपन्या तो कसा पाळणार, यावर ऑक्टोबर १९९६मध्ये आयटीयू या संयुक्त राष्ट्रांच्या दूरसंचार संस्थेने जिनिव्हात खास धोरण परिषद भरवली. नोव्हेंबर १९९८मध्ये ६६ उपग्रहांची इरिडियम सेवा सुरू झाली. तिला ग्राहक कुठून बोलतो याचा अंदाज घ्यावाच लागे, कारण बिल आणि परवानगी दोन्ही त्यावर ठरत. सिग्नलची वेळ आणि वारंवारता पाहून ती हा अंदाज स्वतः काढायची. थुराया या दुसऱ्या उपग्रह फोन कंपनीचे उपग्रह भूस्थिर, जमिनीवरून पाहता जागच्या जागी. त्यांच्या हँडसेटमध्ये जीपीएस होतं आणि फोन आपलं ठिकाण स्वतःच नेटवर्कला कळवायचा. माझ्या मते वळण इथे आलं. मोजणारा बदलला, सांगणारा आला. दहा-वीस वर्षं त्यात कुणाला फारसं वावगं वाटलं नाही.

पुढे साधा मोबाइलच थेट उपग्रहाशी बोलायला लागला. थ्रीजीपीपी या मोबाइल मानकं ठरवणाऱ्या संस्थेने २०२२च्या ‘रिलीज १७’ या मानकांच्या आवृत्तीत ५जीला उपग्रहाची जोड दिली आणि फोनमध्ये जीपीएससारखा रिसीव्हर असणारच असं गृहीत धरलं. फोनने आपलं ठिकाण घ्यायचं, उपग्रहाने प्रसारित केलेली कक्षेची माहिती घ्यायची, दोघांमधलं अंतर काढायचं आणि सिग्नलची वेळ व वारंवारता आधीच दुरुस्त करून पाठवायची. इतक्या लांबच्या आणि पळत्या टॉवरसाठी ही युक्ती चोख आहे. तोटा एकच: दुरुस्त होऊन आलेला सिग्नल नेटवर्कला नेमका वेळेवर पोहोचलेला दिसतो. ज्या उशिरातून जीएसएमचा टॉवर अंतर ओळखायचा, तो उशीरच पुसला गेला. किती दुरुस्ती केली हे फोन कळवू शकतो, पण तेही त्याचंच सांगणं. हिशेबाला खरं ठिकाण वापरायचं आणि नेटवर्कला भलतंच सांगायचं, यात तांत्रिक अडथळा नाही. खेळात घरबसल्या शहर बदलणाऱ्या ॲपनी खोटं लोकेशन किती सोपं असतं हे सर्वांना दाखवलंच आहे. जीपीएसचा सिग्नल बाहेरूनही फसवता येतो. २०१३मध्ये टेक्सास विद्यापीठाच्या संशोधकांनी भूमध्य समुद्रात, मालकाच्या संमतीने, एका मोठ्या यॉटला असंच वाट चुकवून दाखवलं होतं.

आणि हे सांगणं चुकलं तर अडतं कुठे? आणीबाणीचा कॉल भलत्याच देशाच्या केंद्राकडे जातो. आपत्तीचा इशारा चुकीच्या लोकांना मिळतो. कायदेशीर पाळत कोणत्या देशाच्या कायद्याखाली ठेवायची, हा प्रश्न तर सर्वांत नाजूक. म्हणून २०२२मध्येच थ्रीजीपीपीने याचा स्वतंत्र अभ्यास केला. निष्कर्ष: फोनने दिलेलं ठिकाण नेटवर्कने स्वतः ताडून पाहावं आणि त्यासाठी ५ ते १० किलोमीटरची अचूकता पुरे, म्हणजे जमिनीवरच्या मोठ्या सेलइतकी. मला हा आकडा शहाणपणाचा वाटतो. फोनच्या जीपीएसशी स्पर्धा नाही, फक्त साक्ष तपासायची आहे.

रिलीज १८ने त्यासाठी एकच उपग्रह वापरण्याची वाट निवडली. फोन आणि उपग्रह यांच्यात सिग्नलला जाऊन-येऊन लागणारा वेळ मोजायचा. त्यातून जमिनीवर एक वर्तुळ मिळतं, फोन त्याच्यावर कुठेतरी. १० सेकंदांनी पुन्हा मोजायचं. तोवर उपग्रह ७५ किलोमीटर पुढे गेलेला असतो आणि दुसरं वर्तुळ पहिल्याला छेदतं. दोन ठिकाणी! उपग्रहाच्या वाटेच्या डाव्या-उजव्या बाजूंना तेच जुनं प्रतिबिंब. इथे ते बीमच्या माहितीवरून सोडवायचं. फोन वाटेच्या अगदी जवळ असला तर दोन्ही उत्तरं एकमेकांना चिकटतात आणि अचूकता ढासळते.

ताडून पाहिल्यावर फोन परवानगी नसलेल्या देशात निघाला, तर नेटवर्क ७८ क्रमांकाचं कारण देऊन त्याला नाकारू शकतं. अर्थ असा की ‘तुझ्या सध्याच्या ठिकाणी या नेटवर्कला सेवा देण्याची मुभा नाही’. ग्राहकाच्या गोपनीयतेचाही थोडा विचार झाला आहे. रिलीज १७मध्ये फोन नेटवर्कला ढोबळ, साधारण २ किलोमीटर अचूकतेचं ठिकाण देतो आणि तेही दुवा सुरक्षित झाल्यावर.

एक फट तरीही उरते. जाण्या-येण्याच्या या मोजणीतला एक आकडा, सिग्नल मिळाल्यापासून उत्तर पाठवेपर्यंतचा, फोनकडूनच येतो. मात्र तो खोटा द्यायचा तर साधं ॲप पुरत नाही, मोडेमच्या, म्हणजे फोनमधल्या रेडिओ सिग्नल हाताळणाऱ्या भागाच्या, आत हात घालावा लागतो आणि पळत्या उपग्रहाच्या प्रत्येक नव्या जागेशी जुळेल असं खोटं दर वेळी नव्याने रचावं लागतं.