केबलच्या रॅकमधली म्हातारी हवामान-यंत्रं

2000 नंतरच्या दशकात अमेरिकेतल्या एखाद्या छोट्या गावात केबलवर ‘द वेदर चॅनल’ लावलं, तर एक विचित्र प्रकार दिसायचा. स्टुडिओतला निवेदक अगदी स्वच्छ, झळझळीत. घड्याळात मिनिटांचा आकडा आठवर आला (8, 18, 28 असा) की गावाचा स्थानिक अंदाज सुरू व्हायचा आणि चित्र एकाएकी मळकट व्हायचं. रंग उडालेले, अक्षरांच्या कडा थरथरणाऱ्या, कधी तापमानाच्या जागी भलतीच चिन्हं. दोनेक मिनिटांनी पुन्हा निवेदक, पुन्हा सगळं स्वच्छ. चॅनल तेच, टीव्हीही तोच. मग मधल्या त्या दोन मिनिटांत काय व्हायचं?

ते चित्र अटलांटाच्या मुख्यालयात तयारच होत नसे. ते तयार व्हायचं गावाच्या केबल हेडएंडमध्ये, म्हणजे डिश अँटेनांच्या शेजारच्या यंत्रांच्या खोलीत, रॅकमध्ये बसवलेल्या एका खोक्यात. त्याचं नाव वेदरस्टार.

गावागावाचं हवामान केबलवर दाखवायची हौस त्याहून जुनी. वेदर चॅनल येण्याआधी अनेक अमेरिकी केबल कंपन्या एक रिकामी वाहिनी यासाठीच ठेवत. तापमापक, वायुभारमापक, वाऱ्याचा वेग आणि घड्याळ अशा तबकड्या एका ओळीत मांडायच्या आणि मोटरवर बसवलेला कॅमेरा त्यांच्यावरून सावकाश इकडून तिकडे फिरवत ठेवायचा. बस्स, एवढाच कार्यक्रम. त्या काळच्या व्हिडिकॉन नळीच्या कॅमेऱ्यांत तेच ते उजळ दृश्य सतत पडत राहिलं की त्याचा डाग नळीवर कायमचा उमटायचा. म्हणजे हवामान दाखवणाऱ्या यंत्राचं म्हातारपण प्रेक्षकांना थेट पडद्यावर दिसणं, ही परंपरा संगणकांच्याही आधीची.

2 मे 1982 रोजी वेदर चॅनल सुरू झालं. कल्पना जॉन कोलमन या टीव्ही-हवामाननिवेदकाची, पैसा फ्रँक बॅटन यांच्या लँडमार्क कम्युनिकेशन्सचा. खरी अडचण अशी, की उपग्रहावरून देशभर एकच चित्र जाणार आणि प्रेक्षकाला मात्र हवा स्वतःच्या गावचा पाऊस. त्यावर काढलेली तोड अजूनही दाद देण्यासारखी आहे. अमेरिकी टीव्हीच्या चित्रात 525 रेषा असत, पण त्यांतल्या काही दोन चित्रांच्या मधल्या कोऱ्या जागेत जात आणि पडद्यावर दिसत नसत. त्या कोऱ्या रेषांतून देशभरच्या नोंदी आणि अंदाज आकड्यांच्या रूपात पाठवले जाऊ लागले. प्रत्येक हेडएंडमधल्या खोक्याला स्वतःचा पत्ता. आपल्या पत्त्याचा मजकूर आला की तो उचलायचा, साठवायचा आणि ठरलेल्या मिनिटाला त्याचं पान बनवून चॅनलच्या चित्रावर चढवायचं.

पहिल्या खोक्यांना चित्र काढताच येत नसे. रंगीत पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरं, एवढंच. 1984 आणि 1986 मध्ये सुधारित आवृत्त्या आल्या, पण त्याही अक्षरांपुरत्याच. खरी उडी वेदरस्टार 4000 ने मारली. कॅनडातल्या हॅलिफॅक्समध्ये आखलेल्या या यंत्राने 1990 च्या सुमारास ढग-सूर्याची चिन्हं, नकाशे आणि रडार घराघरात नेलं. जांभळ्या-नारिंगी छटांची ती पार्श्वभूमी त्या पिढीच्या अमेरिकी प्रेक्षकांच्या डोक्यात पक्की बसली आहे. लहान केबलचालकांना एवढं महागडं यंत्र परवडत नसे. त्यांच्यासाठी पुढे वेदरस्टार ज्युनियर हे फक्त अक्षरांचं, स्वस्तातलं भावंड आलं.

आता झीज. हे खोकं कधीच बंद होत नसे. वर्षाचे 8760 तास, तेही रिसीव्हर, मॉड्युलेटर अशा शेजारच्या यंत्रांनी तापलेल्या रॅकमध्ये. अशा यंत्रात सगळ्यात आधी हात टेकतात ते इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर, म्हणजे वीज साठवून तिचा पुरवठा एकसारखा ठेवणारे छोटे भाग. त्यांच्यात द्रव असतो आणि तो वर्षानुवर्षं हळूहळू उडून जातो. ढोबळ नियम असा, की तापमान 10 अंशांनी वाढलं की आयुष्य निम्मं होतं. 105 अंशांवर 2000 तास टिकेल असं अंगावर छापलेला कपॅसिटर 65 अंशांवर साधारण 32 हजार तास चालतो, म्हणजे पावणेचार वर्षांहून थोडं कमीच. तोच 45 अंशांवर ठेवला तर चौदा वर्षं सहज काढतो. खोक्याचा पंखा धुळीने जाम झाला आहे की नाही, यावर सगळा हिशेब फिरतो.

कपॅसिटर सुकला की वीजपुरवठ्यातली लहर गाळली जात नाही आणि ती चित्रात शिरते. पडद्यावर एक आडवा, किंचित काळसर पट्टा सावकाश सरकताना दिसतो. त्याच्या सरकण्यालाही हिशेब आहे. अमेरिकेतली वीज 60 हर्ट्झची, रंगीत टीव्हीचं चित्र मात्र सेकंदाला 59.94 वेळा रंगवलं जाणारं. फरक 0.06 चा, म्हणून पट्ट्याला पूर्ण पडदा पार करायला साधारण सतरा सेकंद लागतात. हा पट्टा दिसला की जाणता तंत्रज्ञ रॅक न उघडताच रोगाचं नाव सांगतो.

रंगांचं दुखणं वेगळं. रंगाचा संकेत 3.58 मेगाहर्ट्झच्या आसपासच्या एका नेमक्या लहरीवर बसलेला असतो. ती लहर देणारा स्फटिक किंवा त्याभोवतीचे भाग वयाने सरकले की छटा बदलतात, फारच सरकले तर चित्र काळंपांढरं होतं. स्थानिक पानाने उपग्रहावरच्या चित्राशी पावलाला पाऊल जुळवायचं असतं. ते जुळेनासं झालं की अक्षरांच्या कडा करवतीसारख्या दिसू लागतात. मेमरीची एखादी चिप गेली तर तेच एक अक्षर प्रत्येक पानावर चुकतं किंवा पडद्यावर उभ्या रेघा उमटतात.

पडद्यावर दिसणारा प्रत्येक बिघाड मात्र खोक्याच्या वयाचा नसे. डिश थोडी हलली किंवा तिच्या तोंडाशी बसलेला एलएनबी (उपग्रहाचा क्षीण संकेत वाढवणारा भाग) थकला, तरी कोऱ्या रेषांतले आकडे गोंगाटात बुडत. निवेदकाच्या चित्रावर दोन-चार ठिणग्या दिसल्या तर कुणाचं लक्षही जात नाही, पण तेवढ्याच गोंगाटाने एखादं तापमान किंवा गावाचं नाव निरर्थक अक्षरांत बदलतं. वर्षातून दोनदा, मार्च आणि ऑक्टोबरच्या आसपास, सूर्य नेमका उपग्रहाच्या मागे येतो आणि काही दिवस रोज थोडा वेळ संकेत तुटतो. तेव्हा पानावर माहितीच नाही असं दिसणं स्वाभाविक होतं. बिचाऱ्या खोक्याला दोष फुकटचा.

मग ही जुनी खोकी बदलत का नव्हते? माझ्या मते यंत्राच्या वयापेक्षा त्याची जागा जास्त जबाबदार होती. अटलांटातल्या पडद्यावर त्या गावचं पान कधी दिसतच नसे, कारण ते साखळीच्या शेवटच्या कडीत बनायचं. हेडएंड बहुतेक वेळ बिनमाणसांचं. तिथे कुणी आलंच तर वाहिनी चालू आहे की नाही एवढं पाहायचं, तिच्यावरचा निळा रंग निळाच आहे का हे नाही. आणि प्रेक्षक? वाचता येतंय ना, मग ठीक आहे. मोठ्या शहरांत नवी यंत्रं लवकर पोहोचली, जुनी छोट्या गावांत दशकांमागून दशकं राबत राहिली.

नवं म्हणजे टिकाऊ असंही नव्हतं. 1998 मध्ये आलेलं वेदरस्टार एक्सएल सिलिकॉन ग्राफिक्सच्या ओटू संगणकावर बेतलेलं होतं. दिसायला देखणं, पण आत फिरती हार्ड डिस्क आणि एकाच कंपनीचे सुटे भाग. त्या कंपनीने 2006 च्या अखेरीस त्या घराण्याचे संगणक बनवणंच थांबवलं. 2004 च्या इंटेलिस्टारपासून मात्र साध्या पीसीच्या धर्तीची रचना आली.

वेदरस्टार 4000 ची सेवा 2014 मध्ये संपली, तीही कपॅसिटरांमुळे नव्हे. ज्या अॅनलॉग उपग्रह-संकेतावर ही जुनी यंत्रं जगत होती, तोच बंद झाला. चालणारी आणि न चालणारी, सगळी एकाच दिवशी सारखीच निकामी.

काही खोकी भंगारातून छंदिष्टांच्या हाती गेली. त्यांनी जुन्या संकेताची भाषा उलगडून घरच्या संगणकावरून यंत्रांना पुन्हा आकडे पुरवले. कुणी ब्राउझरमध्ये 4000 ची हुबेहूब नक्कल उभी केली, तिला आकडे मिळतात अमेरिकेच्या राष्ट्रीय हवामान सेवेकडून, फुकट. ज्यांना मूळ यंत्रच हवं, त्यांची पहिली गाठ पुन्हा कपॅसिटरशीच पडते. गळलेला द्रव सर्किट बोर्डावरच्या तांब्याच्या वाटा खातो, त्यामुळे नुसता नवा कपॅसिटर लावून भागत नाही. आधी बोर्ड धुवायचा, भिंगाखाली तुटलेल्या वाटा शोधायच्या, त्या बारीक तारेने जोडायच्या, वीजपुरवठा वेगळा काढून तपासायचा, आणि मगच बटण दाबायचं.